चौदा मिनिटं सदतीस सेकंद

लग्नाला निघताना चपला घालून दारात ताटकळत उभं राहायचं काम आमच्या घरी गेली एकोणीस वर्षं बायको करते. बायकांच्या नट्टापट्ट्यावरचे विनोद व्हॉट्सॲपवर येतात तेव्हा ती ते न हसता मला दाखवते. आळशी नाही हो मी. पण मोज्याची शिवण अंगठ्याच्या वर सरळ बसली नाही, तर दिवसभर माझं लक्ष पायात असतं. चष्मा पुसल्याशिवाय मला घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. भांग तर बघायलाच नको. केस उरलेत थोडे, पण म्हणूनच त्यांची वाटणी जपून करावी लागते.

अशा माणसाने ट्रायथलॉनच्या वाटेला जाऊ नये. पण मला सगळ्यांनी सांगितलं ते एवढंच, की आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. मधे कपडे-बूट बदलायचा वेळसुद्धा घड्याळात धरतात, हे कुणीही सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल, तेव्हा मी चष्मा पुसत असेन.

या खेळाच्या ‘आयर्नमॅन’ नावाच्या थोरल्या प्रकाराचं मूळ एका वादात आहे, त्यामुळे हा खेळ पुण्यात रुजला यात नवल नाही. १९७७ साली हवाई बेटांवर काही मंडळींमध्ये जुंपली, की जास्त तंदुरुस्त कोण? पळणारे, पोहणारे की सायकलवाले? आपल्याकडे असा वाद निघाला तर दोन गट पडतात आणि वेगवेगळे कोजागिरी करतात. तिथे जॉन कॉलिन्स नावाचा एक नौदल अधिकारी म्हणाला, तिन्ही एकाच दिवशी करू. १८ फेब्रुवारी १९७८ ला पंधरा जण ३.८ किलोमीटर पोहायला, १८० किलोमीटर सायकल हाणायला आणि वर मॅरेथॉन पळायला उतरले. बारा जणांनी ते पूर्ण केलं. पहिला आला तो गॉर्डन हॅलर, त्याला पावणेबारा तास लागले. कॉलिन्सला लागले सतरा, आणि तो वाटेत थांबून वाडगाभर चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, खाऊन पुढे गेला. माझा आदर्श कोण, हे सांगायला नको.

मी निवडलं होतं ते त्याचं धाकटं भावंड. दीड किलोमीटर पोहणं, चाळीस किलोमीटर सायकल, दहा किलोमीटर पळणं. सिडनीला २००० साली ट्रायथलॉन ऑलिम्पिकमध्ये आलं ते याच अंतराचं, म्हणून याला ऑलिम्पिक डिस्टन्स म्हणतात. ‘मी ऑलिम्पिक करतोय’ असं ऑफिसात सांगितल्यावर शिपायाने चहात साखर कमी टाकली, एवढा फरक पडला.

सहा महिने सराव केला. पहाटे टिळक तलाव, शनिवारी बोपदेव घाट, रविवारी तळजाई. सायकलवरून उतरून लगेच पळायचं, या सरावाला ‘ब्रिक’ म्हणतात. ब्रिक म्हणजे वीट. मला तो दुसऱ्याच रविवारी आला.

स्पर्धा कोकणातल्या एका किनाऱ्यावर होती. गावाचं नाव सांगत नाही, तिथे पुन्हा मासे खायला जायचंय. आदल्या रात्री लॉजवर मी ट्रायसूट घालून पाहिला. हा एकच अंगरखा पोहायला, सायकलला आणि पळायला चालतो, कपडे बदलायचा वेळ वाचावा म्हणून. तो चढवायला मला बावीस मिनिटं लागली. लेकीने मोबाईलमधून डोकं वर काढलं, पाहिलं, आणि पुन्हा खाली घातलं. बायको म्हणाली, “वरून शर्ट घाल, भाऊजी येणारेत बघायला.”

पहाटे दंडावर आणि पोटरीवर काळ्या मार्करने नंबर घातला, डाव्या घोट्याला वेळ मोजणारी चिप बांधली. मग ट्रान्झिशन एरियात, म्हणजे मधे कपडे-बूट बदलायचे तिथे, जागा मिळाली. एक लांब आडवी दांडी, तिला ओळीने सायकली लटकवलेल्या, आणि प्रत्येकाला खाली टॉवेल पसरण्यापुरती वाळू. शेजारच्या पोराचं सामान पाहून मला दया आली. एक हेल्मेट, एक गॉगल, पळायचे बूट. सायकलचे बूट त्याने पेडललाच अडकवून रबरबँडने आडवे धरून ठेवले होते. “काका, अनवाणी पळत जायचं, टुणकन बसायचं, पाय चालता चालता आत सरकवायचे,” तो म्हणाला. मोजे? “मोजे कशाला?” मी विषय वाढवला नाही. माझ्या टॉवेलवर होतं ते असं: मोज्यांचे दोन जोड, नॅपकिन, पाय धुवायला दोन लिटर पाणी, छोटा मग, टाल्कम पावडर, सनस्क्रीन, चष्म्याची डबी, सेफ्टी पिना, राजगिऱ्याची वडी आणि कंगवा.

समुद्राबद्दल फार बोलत नाही. टिळक तलावात प्रत्येक फेरीला भिंत येते आणि तिला धरून ओळखीच्या माणसाशी चार शब्द बोलता येतात. समुद्राला ही सोय ठेवलेली नाही. शिवाय मी चष्म्याशिवाय. नारिंगी बोया डावीकडे ठेवून वळायचं होतं. मी नारिंगी ठिपका नजरेत धरून ब्रेस्टस्ट्रोक मारत राहिलो. दहाएक मिनिटांनी ठिपका म्हणाला, “काय काका, दमलात?” तो लाइफ जॅकेट घातलेला कयाकवाला होता, आणि माझ्या काळजीने तोही माझ्याच बरोबर सरकत होता. कयाक धरून दम खाल्लेला नियमात चालतो, फक्त धरून पुढे जायचं नाही. मी धरला, बोया कुठेय ते विचारलं. त्याने मागे बोट दाखवलं.

पाण्यातून बाहेर आलो तेव्हा एकोणपन्नास मिनिटं झाली होती आणि दांडीवरच्या बहुतेक सायकली गेलेल्या होत्या. एका अर्थी बरंच झालं. ऐसपैस जागा होती.

मी खाली बसलो. आधी चष्मा. तो डबीतून काढला, डबीतल्याच फडक्याने पुसला, ओल्या नाकावर ठेवला, त्याच्यावर वाफ धरली, पुन्हा पुसला. मग पाय. ओल्या पायाला वाळू कशी बसते हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. ती नुसती चिकटत नाही, बोटांच्या बेचक्यांत घर करते. मगाने पाणी घालून धुतली, पाय खाली टेकवला, पुन्हा बसली. तेव्हा एक पाय मांडीवर घेऊन, आई लहानपणी पुसायची तसं, एकेक बोट वेगळं करून नॅपकिनने पुसलं. करंगळीच्या खाचेत पावडर टाकली. मोजा घोट्यापर्यंत आला आणि दमट कातडीला धरून बसला. ओढला तर टाच पोटरीवर आली. काढला, उलटा केला, चुणी धरून पुन्हा चढवला. शिवण करंगळीवर. पुन्हा काढला.

तेवढ्यात बॅरिकेडपलीकडून आवाज आला. गेली एकोणीस वर्षं जो आवाज जिन्यातून येतो, तोच.

“आटप लवकर!”

आजूबाजूच्या गर्दीत कॉलेजची व्हॉलंटियर मुलं होती. समुद्रात आता जेमतेम पाचसहा टोप्या उरल्या होत्या, त्यामुळे त्यांना काही काम नव्हतं. त्यांना वाटलं, हे प्रोत्साहन आहे. एकाने टाळी धरली. “आटप! लवकर! आटप! लवकर!” ढोल-ताशा पथकातला कुणी तरी असावा, ठेका पक्का होता. मग पाणीवाल्या मावशी, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, आमचे भाऊजी, सगळे. लाऊडस्पीकरवरच्या निवेदकाने सुद्धा तो उचलला. मी घाईघाईने दुसरा मोजा चढवला, बूट घातले, उभा राहिलो, आणि हात सवयीने कंगव्याकडे गेला.

भांग पाडला. खरं सांगतो, मला कळलंही नाही. टाळ्या थांबल्या तेव्हा कळलं. त्या शांततेत मी कंगवा टॉवेलवर नीट ठेवला आणि त्या भांगावर हेल्मेट घातलं. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, असा कडक नियम आहे. तो मी पाळला. रेफरी माझ्याकडे पाहत होते, पण त्यांच्या नियमावलीत कंगव्याबद्दल काही नसावं.

सायकल त्या मानाने बरी गेली. कोकणातला रस्ता सरळ नसतो आणि सपाट तर मुळीच नसतो. प्रत्येक खाडीपाशी उतरतो, पूल ओलांडला की तेवढाच चढतो. पुढच्या सायकलच्या पाठीला चिकटून वारा चुकवायचा नाही, असा आणखी एक नियम आमच्या गटाला होता. माझ्यापुढे वारा सोडून काही नव्हतं. एका चढावर एसटी मागून आली, बराच वेळ माझ्या मागे घुरघुरली, आणि ओलांडताना कंडक्टरने दारातून बाहेर वाकून विचारलं, “सोडू काय वरपर्यंत?” वडापवाल्यांपेक्षा एसटी बरी, एवढंच म्हणतो.

पळताना पाय माझे नव्हते. दोन तास पेडल मारून उतरलं की पाय गोल फिरायचं सोडत नाहीत. आपण म्हणतो पुढे टाक, ते म्हणतात वर्तुळ काढ. पहिले दोन किलोमीटर मी शिवणयंत्र चालवत असल्यासारखा पळालो. चौथ्याला कोकम सरबत होतं, सहाव्याला मीठ लावलेले उकडलेले बटाटे. आठव्याला एक आजी गडग्याशी उभी राहून म्हणाली, “पुढं गेली सगळी. तू आंघोळ करून निघालास काय रे?” तिला काय सांगणार.

चार तास तेवीस मिनिटांनी मी कमानीखालून गेलो. मुदत साडेचार तासांची होती. गळ्यात पदक पडलं, कुणी तरी केळं दिलं, आणि मला भरून आलं. भाऊजींनी फोटो काढला. त्यात माझा भांग व्यवस्थित आहे.

संध्याकाळी लेकीने मोबाईलवर निकाल उघडला. मला वाटलं एकच आकडा असेल. पाच होते. पोहणं, टी-वन, सायकल, टी-टू, पळणं. टी-वन म्हणजे पोहून आल्यावर सायकल घेऊन बाहेर पडेपर्यंतचा वेळ. अव्वल खेळाडू तो मिनिटाच्या आत उरकतात. माझा होता १४:३७.

“बाबा, टी-वनमध्ये तू सगळ्या स्पर्धेत शेवटचा आहेस. रिलेवाले धरून.” थोडं थांबून ती म्हणाली, “तुझ्या आधीचा साडेआठ मिनिटांचा आहे. त्याचा हात प्लास्टरमधून नुकताच निघालाय, आपण नाश्त्याला भेटलो ना, ते.”

बायको काही बोलली नाही. तिने लेकीच्या हातून मोबाईल घेतला, तो आकडा दोन बोटांनी मोठा केला आणि स्क्रीनशॉट काढला. मिनिटभरात आमच्या फॅमिली ग्रुपवर तो पडला होता. त्याखाली एक शब्दही नाही. पहिला अंगठा माझ्या सासूबाईंचा आला, दुसरा माझ्या आईचा.

दुसऱ्या दिवशी पुण्याला निघायचं होतं. भाऊजी खाली गाडी सुरू करून बसले. मी ओला ट्रायसूट पिशवीत भरला, चष्मा पुसला, बूट ओढले. उजव्या मोज्याची शिवण जरा करंगळीकडे गेली होती. बसून नीट करावी म्हणून खाटेवर टेकलो, तर दारात बायको उभी. चपला घालून, पर्स खांद्याला. हातात मोबाईल होता आणि त्यावर सेकंद पळत होते.

“चालू दे तुझं,” ती म्हणाली.