घशाचा स्वॅब म्हणजे बुरशीचं निदान नव्हे

‘पक्षी शेपूट वरखाली करत श्वास घेतोय, घशाच्या स्वॅबमध्ये बुरशी उगवली, म्हणजे ॲस्परजिलोसिस. लगेच इट्राकोनॅझोल सुरू करा.’ हा मेसेज मुंबईतल्या पक्षीपाळ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं मूळ माझीच जूनमधली पोस्ट आहे. घाईत अर्धवट लिहिली, चूक माझी.

ॲस्परजिलोसिस म्हणजे ॲस्परजिलस या बुरशीमुळे होणारा श्वसनाचा आजार, आणि इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध. ॲस्परजिलसचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. आपल्याकडच्या पावसाळी ओलीत, बुरसटलेल्या शेंगदाण्यांत तर विचारूच नका. त्यामुळे निरोगी पक्ष्याच्या घशातही ते सापडू शकतात. नुसता स्वॅब पॉझिटिव्ह आला, एवढ्यावरून आजार ठरत नाही. आणि निगेटिव्ह आला म्हणून सुटकाही नाही, कारण बुरशीच्या गाठी बहुधा खोल वायुकोशांत, म्हणजे पक्ष्याच्या शरीरातल्या हवेच्या पिशव्यांत असतात. एक्स-रेत बदल दिसेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो. म्हणून पक्ष्यांचे डॉक्टर पांढऱ्या पेशी, रक्तातल्या प्रथिनांची तपासणी, एक्स-रे किंवा सीटी हे सगळं एकत्र ठेवून पाहतात. पक्कं निदान एंडोस्कोपीने आत पाहून, तिथला तुकडा तपासूनच होतं.

धाप सिटॅकोसिसमध्येही लागते. तो जिवाणूंचा आजार, माणसालाही होतो. बुरशीचं औषध त्यावर चालत नाही. शिवाय आफ्रिकन ग्रे पोपटाला इट्राकोनॅझोल बाधू शकतं, हे तर मी लिहिलंच नव्हतं.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात त्यांना हा पाठवा.