दाराचं काम

रविवारपासून उजवा खांदा धरलाय आणि डॉक्टरला काय सांगायचं कळत नाहीये. दाराचं काम केलं म्हटलं तर तो मला सुतार समजणार.

आम्ही राहतो ते गाव ब्रायटनच्या पुढे, ट्रेनने अर्धा तास, समुद्राकाठी. इथल्या छोट्या थिएटरने उन्हाळ्यात फार्स करायचं ठरवलं, अस्सल जुना ब्रिटिश, म्हणजे पाद्री, मंत्री, भलत्या खोलीत भलती बाई वगैरे. ग्रँटची अट अशी की नट प्रोफेशनल हवेत आणि लोकलच हवेत. मी तिथला व्हॉलंटियर, ऑडिशनला समोरची वाक्यं वाचायला माणूस हवा होता म्हणून गेलो. दोन रात्री घरी बायकोला बिशप करून प्रॅक्टिस केली होती हो!

तर चर्चच्या हॉलला दार एकच निघालं, तेही टॉयलेटचं. आता फार्सला एक वेळ नट कमी चालतील, दारं नाही. नवरा इकडून आत गेला की त्याच सेकंदाला बायको तिकडून बाहेर यायला हवी. डायरेक्टरबाईंनी हॉलभर नजर फिरवली, माझ्यावर येऊन थांबल्या आणि गोड हसून म्हणाल्या, "तुम्ही छान उंच आहात. दार व्हाल का?" वाक्यं वाचायला त्यांची भाची बसली.

आठ जण मला उघडून गेले. नववे आले ते गृहस्थ साठीचे, गळ्यात स्कार्फ, टीव्हीवरच्या एका डिटेक्टिव्ह मालिकेत दोनदा खून झालेले, दोन वेगळ्या सीझनमध्ये, वेगळ्या मिशांत. हे त्यांनीच सांगितलं, मला, दाराला. सीन साधा होता: मंत्री पळतो, पट्टा दारात अडकतो, पँट खाली.

"पण पँट का पडते?"

"पट्टा अडकतो म्हणून," बाई म्हणाल्या.

"ते झालं बाहेरचं कारण. आतून का पडते?"

बाईंनी ब्रायन रिक्सचा दाखला दिला, की त्याने १९५० ते १९६६ लंडनच्या व्हाइटहॉल थिएटरात पँटी सोडून सोडून हाऊसफुल्ल घेतले आणि कधी कारण विचारलं नाही. गृहस्थ ऐकेनात. माझ्याकडे वळले, डोळ्यांत डोळे घालून म्हणाले, "तू माझा पट्टा का धरतोस? दाराला या क्षणी काय वाटतंय?"

मी म्हटलं, दाराला घरी जायचंय.

"इंटरेस्टिंग," म्हणाले, आणि खरंच वहीत लिहून घेतलं! मग अकरा वेळा तोच सीन. माझं कोपर म्हणजे हँडल. दर वेळी पिरगळायचं, खांद्याने मला ढकलायचं आणि वर बाईंकडे तक्रार करायची की दार अर्धा सेकंद लेट आहे, दार ऐकत नाहीये.

आमचे बाबा बबन प्रभू आणि आत्माराम भेंड्यांचे फार्स सांगायचे जेवताना. 'झोपी गेलेला जागा झाला'तला प्रसंग सुरू करायचे आणि स्वतःच इतके हसायचे की आमटी गार व्हायची, पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलंच नाही. पण एवढं कळलं की फार्समधला माणूस पळतो. थांबून विचार करायला लागला की मेला.

असो. चहाच्या सुट्टीत हेच गृहस्थ बिस्किट बुडवत मला विचारतात, "मग, परत कधी जाणार?" मला वाटलं घरी, म्हटलं सहाला. तर नाही, इंडियाला! मी चौदा वर्षं या गावात काउन्सिल टॅक्स भरतोय, इथला कचरा कुठल्या वारी कुठल्या डब्यात जातो हे मला झोपेत विचारा. हे दोन वर्षांपूर्वी मँचेस्टरहून आले, लंडनचं भाडं परवडेना म्हणून इथे टेकले. ते लोकल. मी दार. यावर मी काहीतरी सणसणीत बोलायला हवं होतं, पण तोंडात बिस्किट होतं, आणि मग बेल वाजली.

अर्थात रोल त्यांनाच मिळाला. रात्री बाईंचा व्हॉट्सॲप मेसेज आला, एक हृदय आणि दोन नाचणाऱ्या बाया लावून. शनिवारी दुसरी फेरी आहे, ब्राऊन शर्ट असेल तर घालून या, आणि आता दारं दोन लागतील, तर तुमच्या मिसेसची उंची किती?