एमपी३, लॉसलेस आणि डबलबारीची झांज

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या भजनप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, एमपी३ गाण्यातला तीन-चतुर्थांश आवाज फेकून देते, हा फरक जाणत्या कानाला लगेच कळतो, आवाजातल्या कंपनसंख्या दाखवणाऱ्या आलेखावर तो डोळ्यांनाही दिसतो आणि म्हणून डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यांची, जुनी एमपी३ ध्वनिमुद्रणे लॉसलेसमध्ये, म्हणजे काहीही न गाळणाऱ्या प्रकारात, शक्य तर २४ बिट-१९२ किलोहर्ट्झमध्ये (सेकंदाला १,९२,००० नमुने, प्रत्येकी २४ बिट) रूपांतरित करून घ्यावीत.

तीन-चतुर्थांशाचे गणित चुकलेले नाही. सीडीवर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या धरल्या तर सुमारे १,४११ किलोबिट होतात, आणि चांगल्या एमपी३मध्ये ३२० उरतात. पण बिट म्हणजे आवाज नव्हे. फ्लॅक हा लॉसलेस प्रकारही बहुधा निम्म्याच्या आसपास बिट वाचवतो आणि तरीही मूळ ध्वनी जसाच्या तसा परत देतो. एमपी३ त्यापुढे जाऊन जे गाळते ते प्रामुख्याने कानाला त्या क्षणी ऐकू न येणारे असते. झांजेचा ठोका पडत असताना बुवांच्या पेटीच्या भात्याची सळसळ मूळ सीडीवरही आपल्याला ऐकू येत नाही, कारण मोठा आवाज जवळच्या पट्ट्यातला लहान आवाज झाकतो. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमपी३साठी केलेले काम याच गुणधर्मावर आधारलेले होते.

‘जाणत्या कानाला लगेच कळतो’ हा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो जास्त फसवतो. १२८ किलोबिटच्या जुन्या एमपी३मध्ये दोष खरोखर ऐकू येतात. एमपी३ आवाजाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचे वेगळे गणित करते, आणि त्या गणितातली चूक पूर्ण तुकडाभर पसरते. चिपळ्यांचा टणत्कार तुकड्याच्या शेवटी आला, तर ही चूक टणत्काराच्या आधीच्या शांततेत हलकी खरखर होऊन उमटते. या दोषाच्या चाचण्यांसाठी युरोपात कॅस्टानेट वापरतात, जे आपल्या चिपळ्यांचेच भाईबंद. झांजेची लांबत जाणारी झंकार तर कमी बिटांत पाण्यात बुडवल्यासारखी होते. मात्र २५६ किंवा ३२० किलोबिट आणि लेमसारखा प्रगत एन्कोडर (एमपी३ बनवणारे सॉफ्टवेअर) असेल, तर फाइलचे नाव झाकून घेतलेल्या चाचण्यांत बहुतेकांची उत्तरे छापा-काट्यावर येतात. सराव केलेला एखादा श्रोता निवडक तुकड्यांत फरक पकडतो, तेवढेच. मजकूर लिहिणाऱ्याने दोन्ही फाइली नाव पाहून वाजवल्या आहेत, आणि दोन्हींची पातळी सारखी होती की नाही याचा उल्लेखही नाही. किंचित मोठा आवाज माणसाला नेहमी ‘अधिक स्वच्छ’ वाटतो. नाव झाकून १६ वेळा ओळखायला बसावे. निव्वळ अंदाजाने १२ किंवा त्याहून अधिक बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे.

आलेखाचा पुरावा थोडक्यात निपटता येतो. १२८ किलोबिटच्या फाइलीत १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापलेला दिसतो, हे खरे. पण पन्नाशीच्या माणसाला तो भाग सहसा ऐकूच येत नाही, आणि वर्षानुवर्षे कर्ण्याशेजारी बसलेल्यांची तर गोष्टच सोडा.

उरले १९२ किलोहर्ट्झ. मेयर आणि मोरान या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत उच्च दर्जाचे मुद्रण सीडीच्या पातळीवर उतरवून ऐकवले, तेव्हा ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे निव्वळ अंदाजाइतकीच. २०१६ साली ध्वनिसंशोधक जोशुआ राइस यांनी अशा १८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तो ५२.३ टक्के बरोबर उत्तरांवर थांबला. प्रशिक्षित श्रोत्यांचा आकडा याहून चढा होता, हेही सांगायला हवे. तरीही ‘लगेच कळतो’ म्हणण्याजोगा हा फरक नाही. २४ बिटांचा खरा उपयोग मुद्रण करताना होतो: गजर अचानक चढला तर आवाज फाटू नये म्हणून पातळी कमी ठेवता येते.

एमपी३चे फ्लॅक केल्याने फाइल फुगते, गाळलेले काही परत येत नाही. शिवाय ती फाइल साध्या ब्लूटूथ इअरफोनवर ऐकली, तर वाटेत तिचे पुन्हा संकोचन होतेच.

लॉसलेसचा आग्रह कॅसेटींसाठी मात्र रास्त आहे, कारण एमपी३ संपादित करून पुन्हा एमपी३ केली की दरवेळी थोडे अधिक गळते. कोकणच्या दमट हवेत फितीला बुरशी धरते. ती आधी साफ करून घ्यावी, मग प्लेअरच्या हेडचा कोन त्या कॅसेटनुसार छोट्या स्क्रूने जुळवावा. तो किंचित चुकला तरी झांजेचे जेवढे तेज जाते, तेवढे ३२० किलोबिटची एमपी३ कधीच घालवत नाही. त्यानंतर एक प्रत फ्लॅकमध्ये जपून ठेवावी. मंडळात वाटायला १९२ किलोबिटची एमपी३ पुरेशी आहे.