वाल गार्देना टूरला मिळालेल्या एक स्टारबद्दल

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय शनिवारी रात्री वाचला आणि पुन्हा रविवारी सकाळी शांतपणे वाचला. इटलीतल्या वाल गार्देना खोऱ्याच्या आमच्या डिसेंबरच्या स्कीइंग टूरला तुम्ही एक स्टार दिला आहे. जाहिरातीत सेला रोंदा या स्कीवरून करायच्या लांब फेरीचा फोटो दाखवून प्रत्यक्षात नेलं नाही, बर्फ 'मशीनचा खोटा' होता, विम्याचे पैसे तिथे गेल्यावर वेगळे मागितले, शाकाहारी सांगूनही सूपमध्ये मांस निघालं आणि तुमच्या आई तीन दिवस हॉटेलात बसून राहिल्या, या तुमच्या तक्रारी आहेत. त्या टूरवर मी स्वतः होते, त्यामुळे उत्तरही मीच देते.

सेला रोंदाला तुम्हाला न नेण्याचा निर्णय माझा होता आणि पुन्हा वेळ आली तरी मी तोच घेईन. तुम्ही लिहिलंय की त्या फेरीत काळा, म्हणजे सर्वांत अवघड उतार घ्यावाच लागत नाही, निळे म्हणजे सोपे आणि लाल म्हणजे मध्यम उतार पुरतात. अगदी बरोबर. पण तिथे खरी अडचण वेळेची असते. सेला पर्वताभोवतीची ती फेरी, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचं अंतर धरून, सुमारे ४० किलोमीटरची आहे. गार्देना, कांपोलोंगो, पोर्दोई आणि सेला असे चार घाट ओलांडायचे. सकाळी दहाच्या आत निघा आणि दुपारी साडेतीनच्या आत शेवटचा घाट पार करा, असं तिथे प्रत्येकाला बजावून सांगतात. उशीर झाला आणि लिफ्ट बंद झाली, तर माणूस भलत्याच दरीत अडकतो. सामान ओर्तिसेईच्या हॉटेलात, आपण डोंगराच्या पार पलीकडे अराब्बात, पायात स्कीचे जड बूट, अंधार पडत आलेला, आणि घाटांना वळसा घालून जाणारी टॅक्सी शोधायची. जोराचा बर्फ पडला असेल तर घाटही बंद.

तुम्ही फार पटकन शिकलात, हे मनापासून सांगते. याआधी मनालीजवळ सोलांगला घालवलेला एकच दिवस गाठीशी असताना, चौथ्या दिवशी ओर्तिसेईच्या वरच्या आल्पे दि सिउसी पठारावरच्या निळ्या उतारावर तुम्ही एकामागून एक वळणं घेत उतरलात तेव्हा मी खाली उभी राहून टाळ्या वाजवत होते. पण अडीचनंतर तुम्ही मागे झुकायला लागलात. मांड्या दमल्या की सगळेच झुकतात. मागे झुकलं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात आणि वळता वळत नाहीत. त्या शेवटच्या उतारावर तुम्ही तीनदा पडलात. तिथे शिक्षक शेजारी होता, उतार सौम्य होता आणि गोंडोला हाकेच्या अंतरावर होता. तेच लाल उतारावर, तिसऱ्या घाटाच्या अलीकडे झालं असतं तर? आमच्या टूर लीडरने बरोबर यायला हवं होतं, असंही तुम्ही म्हणता. तो स्कीइंग उत्तम करतो, पण इटलीत पैसे घेऊन स्की शिकवायला 'मायेस्त्रो दि शी'चा, म्हणजे स्की शिक्षकाचा परवाना लागतो. तो त्याच्याकडे नाही, आणि तिथला नियम आम्ही मोडणार नाही.

मात्र फोटोबद्दल तुम्ही लिहिलेलं मला मान्य आहे. पहिल्यांदा स्की पायात घालणाऱ्यांच्या टूरच्या जाहिरातीवर सेला रोंदाचा फोटो टाकणं ही आमची चूक होती. तो पाहिल्यावर कुणालाही वाटणार की आपणही तिथे जाणार. फोटो रविवारीच काढला.

बर्फाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत नाही. डोलोमाइट्स या तिथल्या डोंगररांगांमध्ये आभाळातल्या बर्फाचा भरवसा नसतो, म्हणून तिथल्या जवळजवळ सगळ्या उतारांवर यंत्रांची सोय आहे. कडाक्याच्या थंडीत पाणी आणि दाबलेली हवा फवारली की त्याचे गोठलेले कण खाली पडतात. तो बर्फच असतो, फक्त जरा घट्ट. शेजारच्या सांता क्रिस्तीनातल्या सासलोंग उतारावर दर डिसेंबरला वर्ल्ड कपची शर्यत होते, तिलाही या यंत्रांचा आधार लागतो. पण गाव हिरवं-करडं आणि उतार तेवढे पांढरे, असं दृश्य दिसू शकतं, हे आम्ही निघण्याआधी सांगायला हवं होतं.

विमा हा छुपा खर्च नव्हे. २०२२ पासून इटलीत उतारावर जाणाऱ्या प्रत्येकाला, दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा कायद्याने लागतो. पण कायदा आम्हाला ठाऊक असताना ती रक्कम टूरच्या किमतीत धरली नाही, हा आमचा हलगर्जीपणा. तुमच्या चौघांचे ते पैसे परत करत आहोत.

सूपचा प्रसंग वाचताना मला फार वाईट वाटलं. त्या भागातल्या बार्लीच्या सूपमध्ये बऱ्याचदा डुकराचं धुरावलेलं मांस घालतात. हे मला माहीत होतं आणि तरीही मी उपाहारगृहात तोंडी सांगण्यावर भागवलं. तुमच्या पत्नीच्या चमच्यात तो गुलाबी तुकडा आला तेव्हा त्यांनी काही न बोलता वाटी बाजूला सरकवली. त्यांची क्षमा मागते. आता प्रत्येक प्रवाशाजवळ जर्मन आणि इटालियनमध्ये लिहिलेली चिठ्ठी असेल. त्या खोऱ्याची मूळ भाषा लादिन, पण या दोन्ही भाषा तिथे सगळ्यांना येतात.

आणि आई. त्यांच्या वाट्याला जे आलं त्याला माझ्याकडे सबब नाही. पहिल्या दिवशी दोन जोड लोकरी मोजे घालून त्यांनी बूट चढवला, नडगीवर वळ उठला आणि त्यांनी स्कीइंगचं नावच सोडलं. स्कीच्या बुटात एकच पातळ, लांब मोजा घालायचा असतो, हे दुकानात वाकून बघायचं काम आमचं होतं. बरं, स्कीइंग नको तर नको, पण ओर्तिसेईहून गोंडोला पायी फिरणाऱ्यांनाही वर नेते. सुमारे २००० मीटरवर ते अफाट पठार, चालायला तयार केलेल्या वाटा, घोड्यांची घसरगाडी, समोर सासोलुंगोचे सुळके. त्या तिथून अर्ध्या तासावर होत्या आणि तीन दिवस खिडकीतून रस्ता बघत बसल्या. आम्ही सगळे उतारावरच्या लोकांमागे धावत राहिलो.

जानेवारीपासून प्रत्येक गटासोबत दुसरी एक बाई असते, फक्त स्कीइंग न करणाऱ्यांसाठी. आईंच्या टूरची पूर्ण रक्कम तुमच्या खात्यावर सोमवारी जमा होईल. त्यांना चालणार असेल तर पुढच्या आठवड्यात मी घरी येऊन भेटेन. कोणत्या दिवशी येऊ ते कळवा.

— संचालिका, पुणे