स्कायला जाताय? मग र्‍हा धबधब्यासाठी अर्धा तास ठेवाच

ऑगस्टमध्ये आई-बाबा आमच्याकडे आले होते तेव्हा त्यांना घेऊन स्कॉटलंडच्या स्काय बेटावर गेलो होतो, तीन दिवस, गाडीने. तिथले फोटो बघून बऱ्याच जणांनी प्लॅन मागितला म्हणून लिहितेय, पण प्लॅनपेक्षा एका जागेबद्दलच लिहावंसं वाटतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कायच्या नावाजलेल्या जागा: आधी ओल्ड मॅन ऑफ स्टॉर, मग किल्ट रॉक, मग क्विरांग. सगळं भव्य आहे, वाद नाही. पण प्रत्येक ठिकाणी आधी पार्किंग शोधा, मग माणसांच्या रांगेतून चाला, फोटो काढा आणि पुढे पळा. आईचा गुडघा दुखायला लागला होता. क्विरांगवरून एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्याने, पासिंग प्लेसमध्ये, म्हणजे समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी ठेवलेल्या जागांत, थांबत थांबत खाली उइगला उतरलो. उइग म्हणजे छोटं बंदर, हॅरिस आणि नॉर्थ यूइस्टच्या फेरी इथूनच सुटतात, त्यामुळे बहुतेक लोक इथून नुसते जातात. गावाच्या कडेलाच र्‍हा नदी आहे, आणि तिच्या काठाकाठाने झाडीतून वर गेलं की दहाएक मिनिटांत हा धबधबा. वाट चिखलाची, आई माझा हात धरून हळूहळू आली.

स्काय तसं उघडंबोडकं बेट आहे, मेंढ्या आणि हरणं नवीन रोपं वाढूच देत नाहीत, त्यामुळे दिवसभर गवताळ डोंगर बघून अचानक असं गर्द झाडीत शिरलं की डोळे निवतात. हवा ओली, खोडांवर हातभर शेवाळ, आणि पाण्याचा आवाज आधी येतो, पाणी नंतर दिसतं. दोन टप्प्यांत पडतं, फार उंच नाही. पाण्याचा रंग चक्क कोऱ्या चहासारखा! आई म्हणाली, "अगं, घाण पाणी आहे का हे?" तर नाही, वरच्या डोंगरावर पीटची जमीन आहे, कुजलेल्या शेवाळाचे हजारो वर्षांचे थर, त्यातून झिरपत येतं म्हणून तो रंग.

बाबांनी दगडावर हात ठेवला आणि म्हणाले, हा तर आपलाच काळा पाषाण. खरंच आहे ते! स्कायचा हा उत्तरेकडचा भाग साधारण 6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आपला सह्याद्री साधारण 6.6 कोटींचा, दोन्हीकडे बेसॉल्टच, थरावर थर. सह्याद्रीच्या या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप म्हणजे मुळात पायरीच, आणि समोर पाणी तशाच पायऱ्यांवरून उतरत होतं. बाबांना शिवथरघळ आठवली, मग ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

आई एका नेच्यापाशी वाकली होती. पान न तोडता तिने ते हळूच उलटं केलं, मागे तपकिरी ठिपक्यांच्या सरळ दोन-दोन ओळी, कोणी सुईने टिपल्यासारख्या. तिने तळहात त्यावर दाबून बघितला, लहानपणी गावाला पांढरा ठसा उमटवणारा नेचा असायचा ना, तसा उमटतो का म्हणून. नाही उमटला. पण सत्तरीतली माझी आई तळहात बघत इतकी गोड हसली की तिन्ही दिवसांतला माझा सगळ्यात लाडका क्षण तोच.

मला मनापासून वाटतं की आपण फिरताना नावाजलेल्या जागांच्या मागे लागून असं सगळं हुकवतो. या धबधब्याला तिकीट नाही, गेट नाही. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक सगळीकडे चालण्याचा हक्क दिलाय, आणि आम्हाला त्या वाटेवर एक प्लास्टिकची बाटली दिसली नाही. आपल्याकडे दर पावसाळ्यात कुठे ना कुठे धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात, अपघात होतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण आपले धबधबे याच्या दसपट सुंदर आहेत.

जाणार असाल तर बूट चांगल्या ग्रिपचे घाला, उन्हाळ्यात मिज नावाची बारीक चिलटं चावतात त्यासाठी स्प्रे ठेवा, गाडी पासिंग प्लेसमध्ये लावू नका. जवळच फेअरी ग्लेन नावाची छोटी दरी आहे, तिथे लोक दगड रचून गोल नक्ष्या करतात आणि स्थानिकांना ते पुन्हा पुन्हा मोडावे लागतात, तुम्ही नका करू प्लीज. आणि र्‍हाला नेचा दिसला तर तोडू नका, आईसारखं उलटं करून बघा आणि सोडून द्या.