पूर्व भागातील रहिवासी नव्या इमारतींना हरकत का घेतात

गेले काही आठवडे सोलापुरात मोबाइलवरून एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: पूर्व भागातील झोपडपट्टीवासीयांना झोपड्यांच्याच जागी बहुमजली इमारती बांधून पक्की घरे देऊ केली तरी ते विरोध करतात, कारण त्यांना फुकटची जागा सोडायची नाही, घर मिळाले की ते भाड्याने देऊन पुन्हा झोपडीतच येतात, आणि मूठभर पुढाऱ्यांच्या चिथावणीमुळे शहराचा विकास अडतो. माझे बालपण याच भागात गेले असल्यामुळे या मजकुरातील एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पक्की घरे नकोत, हे पहिले विधान सोलापूरकराने तरी करू नये. अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली उभी राहिली. त्याच परिसरात ३०,००० घरांचे रे नगर उभे राहत असून त्यातील १५,००० घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी देण्यात आला. विडी, यंत्रमाग आणि बांधकाम कामगारांनी या घरांसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. शासनाचे अनुदान वगळता उरलेली रक्कमही त्यांनीच उभी केली. घरासाठी इतकी चिकाटी दाखवणारी माणसे एखाद्या आराखड्याला हरकत घेत असतील, तर आधी तो आराखडा उघडून पाहायला हवा.

मजकूर लिहिणाऱ्याने विडी कामगाराचा दिवस पाहिलेला दिसत नाही. बाई कारखान्यातून पान आणि तंबाखू घेऊन येते, पान भिजवते, कातरते, घरी बसून विड्या वळते आणि तयार माल पुन्हा कारखान्यात नेऊन देते. तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. ओले पान पसरायला जागा लागते, उजेड लागतो, आणि तंबाखूची धूळ बाहेर जाईल असा उंबरठा लागतो. शेजारच्या घरी कांड्या (मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या) भरणे, टॉवेलच्या कडा शिवणे अशी यंत्रमागाची जोडकामे चालतात. म्हणजे या वस्तीत घर हाच कारखाना आहे. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांसाठीच्या घराचे चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत ठरवले होते. पाच माणसांनी त्यात झोपणे जमेल. पण तिसऱ्या मजल्यावर, बंद दाराआड, त्याच खोलीत तंबाखू हाताळायचा म्हटले की लहान मुलांचे काय, हा प्रश्न बायका विचारतात. खालच्या मजल्यावर सामाईक कामाची शेड ठेवा, ही त्यांची मागणी विरोध म्हणून नोंदवली जाते.

पाण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. उजनी धरणातून शंभर किलोमीटरहून लांबच्या जलवाहिनीने पाणी येऊनही सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांआड पाणी येणे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की त्याची बातमीसुद्धा होत नाही. आज दारासमोरच्या बॅरलमध्ये आणि हौदात चार दिवसांचे पाणी साठते. इमारतीत ते कोठे साठवायचे? माणशी रोज १३५ लिटरचे प्रमाण धरले, तर पाच जणांच्या कुटुंबाला चार दिवसांसाठी २,७०० लिटर पाणी लागते आणि शंभर घरांच्या इमारतीला २ लाख ७० हजार लिटर. एक-दीड दिवसाच्या हिशेबाने बांधलेली टाकी येथे पुरणार नाही. शिवाय पंपाचे वीजबिल सोसायटीने थकवले की वरच्या मजल्यावरच्या बाईला घागर घेऊन जिना चढावा लागतो. टाकीची क्षमता आणि देखभालीचा खर्च करारात लिहून मागणे हा माझ्या मते साधा हिशेबीपणा आहे.

‘फुकटची जागा’ या शब्दाबाबत थोडक्यात सांगतो. १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणाऱ्या पात्र झोपडीधारकांना राज्याच्या १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यानेच संरक्षण आणि पुनर्वसनाचा हक्क दिला आहे. १८७७ साली सोलापुरात जुनी मिल ही कापडगिरणी निघाल्यापासून गिरण्या आणि माग यांच्यासाठी माणसे येत राहिली. त्यांना लागणारी घरे मात्र त्या प्रमाणात कोणी बांधली नाहीत.

घर भाड्याने देऊन परत येण्याची उदाहरणे आहेत, हे मला मान्य आहे. मात्र त्यामागचे कारण बहुधा अंतराचे असते. शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर घर आणि काम, शाळा, दवाखाना जुन्याच ठिकाणी, अशी स्थिती असेल तर रोजचे रिक्षाभाडे मजुरीतून परवडत नाही. आहे त्याच जागी घरे बांधण्याच्या प्रस्तावाला हा आक्षेप मुळी लागूच पडत नाही. मजकुरात दोन वेगळ्या योजनांची सरमिसळ झाली आहे.

चिथावणीबद्दल सांगायचे तर, वस्तीतील काही दादा मंडळी अशा वेळी आपली पोळी भाजून घेतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. घर पडल्यानंतर इमारत पूर्ण होईपर्यंतचे भाडे कोण आणि किती महिने देणार, काम रखडले तर दाद कोणाकडे मागायची, आणि झोपडीत भाड्याने राहणाऱ्याचे काय होणार, याची लेखी उत्तरे अधिकाऱ्यांनी वस्तीत येऊन, तेलुगू भाषकांची मोठी वस्ती असलेल्या पूर्व भागात मराठीइतक्याच तेलुगूतही दिली, तर या दादांजवळ सांगण्यासारखे फारसे उरणार नाही.