ऊसतोडीच्या पट्ट्यात आधी मुलीची सोय बघा

आशाताई घरोघर जाऊन आरोग्याची माहिती देतात म्हणून बालविवाह टळतात, हे तुमच्या बालविवाहावरच्या लेखात पटण्यासारखं मांडलंय. सोळाव्या वर्षी बाळंत होणाऱ्या पोरीच्या अंगात रक्त नसतं, बाळ कमी वजनाचं होतं, हे आयांनाही कळतं हो. पण बीडकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यावर निघाल्या की वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा घोर मोठा. त्यात मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला; या जोडीलाच एक कोयता म्हणतात! म्हणून पोरीचं लग्न उरकायची घाई. हंगामभर मुलींची वसतिगृहं नीट चालवा. ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. त्याने पत्रिका छापायच्या आधीच घरी जाऊन बसावं. आणि मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा फोन नंबर शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा, मुलींना पाठच होऊ दे.